वरखर्चाची कमाई

भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी करणाऱ्या माणसाच्या घरी एक वैद्यकीय पुस्तिका असे. सेक्टर ९ मधील मोठ्या इस्पितळात जाताना ती बरोबर न्यावी लागे. तिच्यात वर कर्मचाऱ्याचे नाव आणि खाली त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांची नावे लिहिलेली असत : पत्नी, मुले, असल्यास आईवडील. 'डिपेंडंट' हा इंग्रजी शब्द त्यामुळे आम्हां भिलाईकर मुलांच्या कानांवर शाळेत जाण्यापूर्वीच पडला होता. त्यात कमीपणाचे काही आहे असे आम्हांला कधी वाटले नाही; इस्पितळातल्या रांगेत आपला हक्क सांगणारा तो शब्द होता. पुढे वयाच्या तिशीत, तौलनिक साहित्यात डॉक्टरेट मिळविल्यानंतर, तोच शब्द माझ्या व्हिसाच्या कागदपत्रांत मला पुन्हा भेटला, तेव्हा मात्र मी त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले. आईच्या नावापुढे हा शब्द किती वर्षे लिहिला जात होता आणि त्या वर्षांत ती काय करीत होती, याचा विचार तेव्हा प्रथमच माझ्या मनात आला.

विवाहाच्या नात्याने परदेशी जाणे आणि तेथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत काम सुरू करणे हा अनुभव मराठी मध्यमवर्गात आता पुष्कळच रुळला आहे. त्याविषयी बोलताना आपण बहुधा नवऱ्याची नोकरी, थंडी, किराणा आणि एकटेपणा यांविषयी बोलतो. पत्नीच्या पहिल्या कामाचा उल्लेख 'तिलाही काहीतरी मिळाले' एवढ्यावर संपतो. या 'काहीतरी'चा थोडा विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. तुलना हा माझा व्यवसाय असल्यामुळे तो मी दोन स्थलांतरे शेजारी ठेवून करणार आहे : आईचे अमरावतीहून भिलाईस येणे आणि माझे भिलाईहून अमेरिकेस जाणे.

आई १९७७ साली लग्न होऊन येथे आली. भिलाईचा कारखाना सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला. त्याचा करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी केले. धानाच्या शेतांच्या जागी सेक्टरांची वसाहत झाली आणि तिच्यात आंध्रापासून पंजाबापर्यंतची कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहू लागली. मराठी माणसाला हा मुलुख तसा परका नव्हता. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर शंभरांहून अधिक वर्षे होती आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अमरावती आणि दुर्ग हे दोन्ही जिल्हे एकाच प्रांतात, नागपूर या एकाच राजधानीखाली होते. माधवराव सप्र्यांनी 'छत्तीसगढ़ मित्र' १९०० साली याच प्रदेशातील पेंड्र्याहून काढले, तर गजानन माधव मुक्तिबोध १९५८ साली शेजारच्या राजनांदगावी प्राध्यापक म्हणून आले. परंतु ही परंपरा पुरुषांच्या नोकऱ्यांची आहे. त्यांच्या मागोमाग आलेल्या स्त्रिया कोणत्या नात्याने आल्या, हे कोणत्याही इतिहासात निराळे नोंदवावे लागले नाही. त्या 'आल्या', एवढेच.

आईने बी. ए. केले होते, मराठी घेऊन. येथे त्या पदवीचा उपयोग नव्हता. शाळा हिंदीच्या किंवा इंग्रजीच्या होत्या आणि भाजीवालीची छत्तीसगढ़ी तर तिला सुरुवातीस समजतच नसे. तरीही लग्नानंतर पाचव्या महिन्यात ती एका लहानशा खासगी बालमंदिरात जाऊ लागली. बायका विचारीत, तेव्हा ती सांगे, "वेळ जात नाही हो घरी बसून." वडील म्हणत, "घर काही तिच्या पगारावर चालत नाही." दोन्ही वाक्ये खरी होती आणि दोन्ही बोलली गेल्यावाचून त्या काळी त्या नोकरीला घरात प्रवेश मिळाला नसता. पगार हाती मिळे; नोंदवहीत रेव्हिन्यू स्टँपवर सही करावी लागे. लग्नात आईचे माहेरचे नाव सबंधच बदलले होते. ती एकदा म्हणाली होती की, लोक नव्या नावाने हाका मारीत होते, पण ते नाव आपले आहे असे प्रथम वाटले ते त्या तिकिटावर सही करताना.

आता माझ्याकडे वळते. २०११ साली माझ्या पतींना अमेरिकेतील एका विद्यापीठात संशोधनासाठी जावयाचे होते. त्यांचा व्हिसा जे-१ आणि म्हणून माझा जे-२. अमेरिकेच्या व्हिसांत अक्षर पतीच्या कामावरून ठरते आणि आकडा पत्नीचे नाते सांगतो. तज्ज्ञ नोकरीसाठी जाणाऱ्याची पत्नी एच-४, कंपनीने बदलीवर पाठविलेल्याची एल-२, संशोधकाची जे-२. काम करण्याची मुभा या आकड्यांप्रमाणे बदलते. ब्रिटनमध्ये विवाहाच्या नात्याने आलेल्या व्यक्तीस प्रवेश मिळताच काम करता येते. अमेरिकेत जे-२ च्या पत्नीने तेथे पोचल्यानंतर 'आय-७६५' नावाचा अर्ज करावयाचा आणि परवान्याचे कार्ड हाती येईपर्यंत थांबावयाचे. त्या वेळी या अर्जाचे शुल्क ३८० डॉलर होते आणि निर्णय ९० दिवसांत द्यावा असा नियम होता. ही मुदत २०१७ साली नियमांतून काढून टाकण्यात आली.

या अर्जासोबत एक पत्र जोडावे लागे. जे-२ वरील पत्नीला कमावता येते, परंतु त्या कमाईची पतीच्या निर्वाहासाठी गरज असता कामा नये, अशी नियमातील अट आहे. कुटुंबाचे नेहमीचे मनोरंजन, सांस्कृतिक कार्यक्रम, त्यासाठी होणारा प्रवास, आदी कारणांसाठी तो पैसा वापरता येतो. गरज असल्याचे दिसले तर परवाना नाही. तेव्हा मी एका कागदावर पतींची मिळकत मांडली, दुसऱ्या बाजूस भाडे, वीज, अन्न, विमा असे खर्च मांडले, आणि खाली लिहिले की माझ्या मिळकतीवाचून यांचे अडत नाही. आकडे खरे होते. विद्यावेतनात दोन माणसांचे भागत होते.

पत्र टपालात टाकल्यावर मात्र मला भिलाईचे ते स्वयंपाकघर आठवले. 'घर काही तिच्या पगारावर चालत नाही' हे वाक्य मी नुकतेच इंग्रजीत, सही करून, एका परराष्ट्राच्या शासनाला लिहून दिले होते. भिलाईच्या तिसऱ्या सेक्टरातील एका गृहस्थाचा संकोच आणि एका महासत्तेचा कायदा यांचे वाक्य एकच असावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. विवाहित स्त्रीच्या श्रमाला दोन्हीकडे एकाच अटीवर वाट मिळते : तो अनावश्यक असावा.

कार्ड अकराव्या आठवड्यात आले. त्यापुढील महिन्यात मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात तासावारी काम मिळाले. जुन्या छापील कार्डांवरील मराठी आणि हिंदी पुस्तकांच्या नोंदी संगणकात आणताना त्या तपासून पाहावयाच्या, असे ते काम होते. माझ्या पदवीशी त्याचा संबंध दूरचा होता, परंतु पुस्तके जवळची निघाली. तळघरातील लोखंडी फडताळांवर साठीच्या दशकातील मराठी कादंबऱ्या, जिल्हावार लोकगीतांचे संग्रह, लहान गावांतून निघालेले आणि दोन अंकांत बंद पडलेले दिवाळी अंक ओळीने उभे होते. यांतली कितीतरी पुस्तके भारतातील ग्रंथालयांतही मी पाहिली नव्हती.

ती तेथे कशी पोचली, हे या पत्रिकेच्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. १९५४ च्या 'पब्लिक लॉ ४८०' या कायद्यान्वये अमेरिकेने भारताला गहू दिला. त्याची किंमत रुपयांत जमा झाली आणि ते रुपये भारतातच खर्च करावयाचे होते. त्यातील काही भाग पुस्तकांकडे वळविण्यात आला. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाने १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके खरेदी करून निवडक अमेरिकी विद्यापीठांकडे धाडण्यास सुरुवात केली. आपल्या आईवडिलांच्या पिढीने रेशनच्या रांगेत उभे राहून जो गहू खाल्ला, त्याच्या मोबदल्यात ही पुस्तके समुद्रापार गेली. ती मागवावी असे तेथील कोणाही मराठी वाचकाने सांगितले नव्हते. शिलकी रुपयांचे करावयाचे काय, या प्रश्नातून ती आली होती. हिशेबाच्या भाषेत तीही वरखर्चातलीच. असे असून मराठी साहित्याचा परदेशी अभ्यास पुढे ज्या पायावर उभा राहिला, त्याचा फार मोठा भाग या शिलकी पैशाने बांधला आहे.

या नोंदी रोमन लिपीत करण्याची एक ठरलेली रीत आहे. आपण ज्याचा उच्चार करीत नाही तो शब्दान्तीचा 'अ'देखील तीत लिहावा लागतो. त्यामुळे देशमुखांच्या आडनावास शेवटी एक जास्तीचा स्वर लागतो. माझे ग्रंथालयातील सहकारी तो प्रामाणिकपणे उच्चारीत आणि माझ्या कानाला ते 'देशमुखा' असे ऐकू येई. मराठीत हे संबोधन झाले. तळघरात दिवसभर कोणी ना कोणी देशमुखाला, मेश्रामाला हाका मारीत असे. पहिल्या आठवड्यात मला याचे हसू आले. पुढे मात्र त्या हाका बऱ्या वाटू लागल्या. त्या इमारतीत माझ्याही नावाने हाका सुरू झाल्या होत्या, आणि त्या नावामागे 'अमक्यांची पत्नी' हे विशेषण नव्हते. एखाद्या शीर्षकावर अडले की "तिला विचारा" असे म्हणत. परक्या गावात माणसाचा पत्ता खऱ्या अर्थाने केव्हा तयार होतो, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन : आपण एक दिवस आलो नाही तर कोणाचे तरी काम अडून राहते, तेव्हा. 'माझ्यावाचून अडत नाही' असे लिहून दिल्यानंतरच मला ही जागा मिळाली होती, ही विसंगती मी तेव्हाही विसरू शकत नव्हते.

हे सर्वांच्या वाट्यास येत नाही. आमच्याच इमारतीत दुर्गची एक मुलगी राहत असे. अभियांत्रिकीची पदवीधर, लग्नापूर्वी अध्यापन केलेली, व्हिसा एच-४. तिला परवान्याचा अर्ज करण्याचीही सोय नव्हती. मला ती ताई म्हणे. ग्रंथालयाच्या बालविभागात ती बिनपगारी गोष्टी सांगावयास येई. एकदा म्हणाली, "ताई, मी काम करते तोवर कोणाला चालतं. त्याचे पैसे घेतले, की मी गुन्हेगार." २६ मे २०१५ पासून एच-४ वरील काही पत्नींना परवाना मिळू लागला. मात्र त्यासाठी पतीच्या कायम वास्तव्याचे प्रकरण ठराविक टप्प्यापर्यंत पोचलेले असावे लागते आणि ते प्रकरण सामान्यतः पतीच्या मालकाने चालविलेले असते. म्हणजे पत्नीचे काम पतीवर आणि पतीचे कागद मालकावर अवलंबून. या नियमालाही न्यायालयात आव्हान देण्यात आले. अपील न्यायालयाने तो २ ऑगस्ट २०२४ रोजी उचलून धरला. एल-२ च्या पत्नींना नोव्हेंबर २०२१ मधील तडजोडीने वेगळ्या परवान्यावाचून काम करता येऊ लागले. एकाच इमारतीच्या तीन मजल्यांवर राहणाऱ्या, सारख्याच शिकलेल्या तिघींचे दिवस केवळ एका अक्षराने इतके निराळे होतात.

मराठी स्त्रीच्या परदेशगमनाचा आरंभ पाहिला तर ही पतीमागून जाण्याची रीत तेथे आढळत नाही. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये एकट्या अमेरिकेस गेल्या. गोपाळराव नंतर त्यांच्या मागून पोचले. पार्वतीबाई आठवले १९१८ मध्ये हिंगण्याच्या आश्रमासाठी तिकडे गेल्या, त्या विधवा होत्या. इंग्रजी धड येत नसताना परक्यांच्या घरी कामे करून त्यांनी दिवस काढले आणि पुढे 'माझी कहाणी'त ते लिहून ठेवले. त्यांच्या श्रमांना गरजेचे नाव देण्यात कोणाला अडचण नव्हती, कारण त्यांच्या मागे पोसणारा कोणी नव्हता. पोसणारा आहे असे कागदावर ठरले, की त्याच श्रमांचे नाव बदलते. पार्वतीबाईंची भांडी ही कमाई ठरते आणि माझ्या नोंदी हे मनोरंजन.

आपल्या भाषेने हे पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. 'सासुरवाशीण' या शब्दात स्त्रीची व्याख्या तिच्या वास्तव्याने केली आहे, आणि ते वास्तव्य विवाहाने मिळालेले आहे. व्हिसाच्या कागदात याहून अधिक काही नसते. शिवाय 'सासुरवास' म्हणजे केवळ राहणे नव्हे, छळही; राहणे आणि सोसणे यांना भाषेने एकच शब्द पुरविला. 'पोटावारी' राबणे हाही आपलाच शब्द. त्यामानाने 'मिळवती' हा शब्द लग्नाच्या जाहिरातींतून आला, आणि तेथेही तो मुलीच्या उंची आणि वर्णाच्या ओळीत बसला, तिच्या कामाची चौकशी न करता.

सध्या मी एका सत्रापुरती अभ्यागत प्राध्यापक म्हणून भिलाईस आले आहे आणि दुर्गला आईजवळ राहते. वडील आता नाहीत. त्यांच्या अखेरच्या आजारपणात मी दोनदा येऊ शकले ते ग्रंथालयाच्या पैशांतून. नियमातील 'आदी कारणां'त तो प्रवास बसत असावा. या मुक्कामात आईच्या जमाखर्चाच्या जुन्या वह्या माझ्या हाती लागल्या. प्रत्येक वहीत पुढच्या बाजूने वडिलांचा पगार आणि घराचा खर्च आहे. वही उलटी करून मागच्या बाजूने पाहिले की दुसरा हिशेब सुरू होतो, आणि त्यावर आईच्या अक्षरांत शीर्षक आहे : 'वरखर्च'. त्याखाली धाकट्या काकांच्या कॉलेजची फी आहे. आजीच्या डोळ्यांचे औषध आहे. माझे यादवपूरचे वसतिगृह आणि दुर्ग ते हावडा दुसऱ्या वर्गाची तिकिटे आहेत. ज्या विभागात भारतातला तौलनिक साहित्याचा अभ्यास १९५६ मध्ये सुरू झाला, तेथे मी या पानांवरून पोचले. आणि सतरा वर्षांच्या हप्त्यांत या दुर्गच्या जागेची किंमत आहे. कारखान्याचे घर निवृत्तीनंतर सोडावे लागते. ते सोडल्यावर आम्ही ज्या छपराखाली आलो, ते निम्मेअधिक वरखर्चाच्या पैशांतून उभे आहे.

मी आईला विचारले, "अगं, याला वरखर्च का म्हटलंस? घर तर यावरच झालं."

आई निवडत असलेल्या भाजीवरची नजर न उचलता म्हणाली, "वरखर्च म्हटलं की कोणी हिशेब मागत नाही. घरखर्च म्हटलं असतं तर पुढच्या पानावर गेलं असतं, आणि तुझी फी तिथे कुठे बसली असती?"

मी या शब्दाकडे आजवर एकाच बाजूने पाहत आले होते. पत्नीची कमाई अनावश्यक मानण्यात अवमान आहे, हे खरेच. परंतु ज्या पैशाची कोणाला गरज नाही असे ठरले, त्याच्यावर हक्क सांगायलाही कोणी येत नाही, हे आईने १९७७ सालीच ओळखले होते. त्या आडोशातून तिने माणसे शिकविली आणि घर बांधले. त्याची किंमतही तिनेच दिली. बालमंदिरातील सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर तिला निवृत्तिवेतन मिळाले नाही, तिने मागितलेही नाही; वेळ घालविण्यासाठी केलेल्या कामाचे निवृत्तिवेतन कोण मागणार? वैद्यकीय पुस्तिकेत ती शेवटपर्यंत अवलंबितच राहिली, आणि तिच्यावर अवलंबून असलेली आम्ही माणसे तिच्याबरोबर त्याच यादीत होतो.

माझ्या वर्गातल्या दोघी मुली येत्या वर्षी लग्न होऊन परदेशी जाणार आहेत. तासानंतर त्या विचारतात की, तिकडे गेल्यावर आपल्याला काम मिळेल का. व्हिसाचे अक्षर कोणते ते आधी पाहा, मूळ प्रमाणपत्रे बरोबर घ्या, अर्ज पहिल्याच आठवड्यात करा, मिळेल ते काम हलके मानू नका, असे मी त्यांना सांगते. कागदावर 'गरज नाही' असे लिहावे लागले तर तेही लिहा. आपल्या घरच्या वहीत मात्र ती कमाई पहिल्या पानावर मांडा, आणि हिशेब मागणाऱ्याला तो दाखविण्याची तयारी ठेवा. माझ्या आईच्या काळी ते शक्य नव्हते. या मुलींना ते शक्य आहे की नाही, हे त्यांच्या वह्या सांगतील.